नव्या खोलीचं छप्पर जुन्या घराला जोडताना : कामाची वही

६ जानेवारी

भिंती लिंटेलच्या वर दोन थर गेल्या आणि मिस्त्रींनी हात थांबवला. "माथा किती ठेवू?" इतकाच प्रश्न. पण भिंतीच्या माथ्याची उंची छपराच्या आकारावर ठरते, आणि छपराचं आम्ही महिनाभर 'बघू' म्हणत आलो होतो. आज बघावंच लागलं.

जुनं घर दुपाखी कौलारू. मागच्या लांब भिंतीच्या मधोमध नवी खोली येते आहे, बाहेरून ३.६ मीटर रुंद आणि ४.२ मीटर खोल. म्हणजे खोली जुन्या वळचणीखालून बाहेर पडते. जुन्या घराच्या मागच्या अर्ध्या पाख्याचं पाणी आजवर सरळ अंगणात पडत होतं, ते आता खोलीच्या डोक्यावर येणार.

तीन वाटा होत्या. पहिली सगळ्यांना सुचते ती : जुनं पाखंच पुढे ओढायचं. लेव्हलपट्टी ६० सेंमीची, एक टोक वाशाला टेकवून आडवी धरली, दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंत सरळ खाली ३४.५ सेंमी. म्हणजे उतार ३० अंश. जुन्या भिंतीचा माथा जमिनीपासून २.७५ मीटरवर आहे. ३० अंशांनी ४.२ मीटर पुढे गेलं की छप्पर २.४२ मीटर खाली उतरतं. उरले ३३ सेंमी. तेवढ्यात मांजर राहील.

उतार कमी करून १५ अंश केला तर शेवटची भिंत १.६ मीटरची होते. पुन्हा वाकूनच जायचं, आणि १५ अंशांवर कौलारू छप्पर गळतं. कौलाच्या खोबणी पाणी वाहून नेण्यासाठी असतात, अडवण्यासाठी नाही. उतार कमी झाला, वारा समोरून आला, की पाणी खोबणीतून मागे चढतं.

दुसरी वाट स्लॅबची. मिस्त्रींचा जीव तिच्यात. तिसरी, नव्या खोलीला स्वतःचं दुपाखी छप्पर, जुन्याला काटकोनात. उद्या ठरवू असं म्हणून उठलो.

७ जानेवारी

स्लॅब नको. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर वही दाखवता येईल. स्लॅब जुन्या वळचणीखाली घालावा लागेल, तो जुन्या भिंतीला टेकेल, आणि जुन्या पाख्याचं सगळं पाणी नेमकं त्या टेकलेल्या सांध्याशेजारी पडेल. जुन्या घराचा पाया बसायचा तेवढा बसून झाला आहे. नव्याचा अजून बसायचा आहे. खोली दोन-चार मिलिमीटर खाली जाणार हे धरूनच चालायचं. काँक्रीट आणि भिंत यांच्यामधली फट दोन मिलिमीटर उघडली की तिथे काय भराल ते पुढच्या वर्षी पुन्हा भरावं लागतं.

कौलारू छप्पर हजार तुकड्यांचं असतं. तुकडे एकमेकांवर नुसते बसलेले असतात. खोली थोडी बसली तर ते थोडे सरकतील आणि पुन्हा गप्प होतील. म्हणून तिसरी वाट.

मिस्त्री म्हणाले, "मग दोन पन्हळी येणार. पन्हळ म्हणजे गळतीचं माहेर."

खरं आहे. दोन पाखी आत कोन करून मिळतात तिथली ही घळ, दोन्हीकडचं पाणी तीतच जमतं. पण पन्हळ दोन रेघांवर असते आणि तिथे शिडी लावून पोचता येतं.

८ जानेवारी

हिशोब. सुतारकाका समोर बसले होते, मी कागदावर मांडत होतो. ते बोटांवर माझ्या आधी उत्तराला पोचत होते.

नवीन छपराचा उतारही ३० अंशच आणि भिंतीचा माथाही जुन्याच्याच पातळीत. हे दोन्ही जमलं तर दोन गोष्टी आपोआप सुटतात : वळचणी कोपऱ्यात एका पातळीत येतात आणि पन्हळ वरून पाहिली तर बरोबर ४५ अंशांत जाते. नवं आढं, म्हणजे दोन्ही पाखी वर जिथे मिळतात ते आडवं लाकूड, माथ्यापासून १.०४ मीटर उंच. ते जुन्या पाख्यात भिंतीपासून १.८ मीटर आत घुसतं.

नवा वासा ४५ सेंमी वळचणीसकट २.६० मीटर. पन्हळ वळचणीच्या टोकापर्यंत ३.४४ मीटर. आणि पन्हळीचा उतार? पाखी ३० अंशांची, पण पन्हळ तिरपी जाते, तेवढीच उंची जास्त लांबीत उतरते. उतार येतो जेमतेम २२ अंश. पाख्यांचं गोळा झालेलं पाणी पाख्यापेक्षा सपाट वाटेने जाणार. ही ओळ लाल पेनाने लिहिली.

पाणी किती? एका पन्हळीत जुन्या पाख्याचा वरून पाहिल्यावर ५.२ चौरस मीटर भाग उतरतो, नव्या पाख्याचा २.५. एकूण पावणेआठ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ताशी १०० मिमीची सर आली तर एका पन्हळीतून मिनिटाला १३ लिटर.

तेव्हा ५.२ आणि २.५ हे दोन आकडे शेजारी लिहूनही त्यांच्यातला फरक माझ्या डोक्यात शिरला नाही. तो पुढे महागात पडला.

११ जानेवारी

पाण्याच्या नळीने जुना माथा नव्या भिंतींवर आणला. नळीत बुडबुडा राहिला होता म्हणून सकाळचं माप दुपारी खोडलं. नवीन खोलीचे कर्ण ५.५३ आणि ५.५५. दोन सेंमी वाकडी. मिस्त्रींना दाखवलं, त्यांनी दोरीकडे असं पाहिलं की जणू दोरीचीच चूक. चालेल. माथ्याच्या तुळया ठेवताना फरक दोन्ही बाजूंना वाटून घेऊ.

नवी भिंत जुन्या भिंतीत दातऱ्या काढून गुंफलेली नाही. मध्ये २० मिमीची फट सोडली आहे, त्यात थर्माकोलची पट्टी. मिस्त्रींना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते जोडायचं तर घट्ट जोडावं.

१९ जानेवारी

माथ्यावरचा काँक्रीटचा पट्टा ओतला. त्यात दर १.२ मीटरवर बोल्ट उभे सोडले, तुळई त्यांनी आवळायची. कौलारू छप्पर जड असलं तरी वारा वळचणीखाली शिरला की उचलायला बघतोच.

२७ जानेवारी

जुन्या पाख्याची कौलं उतरवायला घेतली. जिथे नवं छप्पर बसेल तो त्रिकोण, शिवाय कडेला काम करायला एकेक ओळ जास्त. त्रिकोणातली ८८ कौलं निघाली. ११ फुटली, ६ जणांची मागची नाकं तुटली. उरलेली ७१ खोलीत भिंतीला उभी लावून ठेवली. आडवी थप्पी लावली की खालची तडकतात.

एक कौल तोलून पाहिलं : कोरडं २.६ किलो. रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी परत तोललं तर २.९५. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर कोरडं ३९ किलो, भिजलेलं ४४. वासे आणि त्यांच्यावरच्या कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, वेगळ्या.

रिपा काढल्यावर जुने वासे पहिल्यांदा उघड्यावर दिसले. प्रत्येकाच्या बगलेवर पटाशीने मारलेल्या रेघा : एक, दोन, तीन. काकांनी लगेच ओळखलं. खाली जमिनीवर जुळवून मग वर चढवले, म्हणून अनुक्रम. चौथ्या वाशावर मात्र रेघा नाहीत, आणि त्याचं लाकूडही फिकट. कधीतरी बदललेला. काकांनी त्यावर पटाशीचं टोक दाबलं, गेलं नाही. मग तुळईवर दाबलं, त्याच वाशाच्या बुडाशी, तर पटाशी निम्मी आत गेली. वाळवी. जुनी, सोडून गेलेली, पण ४० सेंमी तुळई भुसा करून गेलेली.

वासा बदलणाऱ्याने वासा बदलला, तुळईकडे पाहिलं नाही.

२९ जानेवारी

तुळईचा कुजका भाग कापून नवा तुकडा घातला. सांधा तिरपा, दोन बोल्ट. तोवर तिथले तीन वासे टेकूवर. दिवसभर आईच्या खोलीत टेकू उभे होते. आई त्यांच्यामधून वाट काढत कपाटापर्यंत गेली आणि म्हणाली, "मला वाटलं नवी खोली बांधताय. तुम्ही जुनी पाडताय."

१ फेब्रुवारी

मोठा प्रश्न आज सुटला. जुने वासे कापायचे की नाही?

कापून आत शिरलं तर नव्या-जुन्या खोलीवर एकच मोकळं छप्पर होतं, दिसायला सुंदर. पण मग कापलेल्या वाशांचं ओझं पेलायला पन्हळीखाली जाड तुळया आणि वर आडवा आधार हवा. काकांचं म्हणणं सरळ : जुनं उभं आहे ते उभं राहू द्या, नवं त्याच्यावर मांडू. जुन्या वाशांवर पन्हळीच्या रेघेत रुंद फळी टाकायची आणि नव्या छपराचे आखूड वासे त्या फळीवर बसवायचे. खोलीच्या आत येणारी जुन्या वाशांची वळचणीची टोकं तेवढी भिंतीलगत कापायची. ती भिंतीबाहेर लोंबतच होती, कापल्याने वाशाचं काही बिघडत नाही.

मला ओझ्याची काळजी होती. काकांनी विचारलं, "जेवढी कौलं काढली तेवढीच ना परत चढणार?" बरोबर. उतार तोच, वरून दिसणारं क्षेत्रफळ तेच, तेव्हा कौलांचं वजन जवळपास तेच. फरक इतकाच की आधी ते सगळ्या वाशांवर पसरलेलं होतं, आता फळीच्या रेघेवर आणि आढ्याच्या टोकाशी गोळा होणार. म्हणून मधल्या चार वाशांना बगलेला दुसरा वासा लावून बोल्टने जोडवासे केले, माथ्यापासून आढ्यापर्यंत अख्खे. तुकडा लावून भागवलं असतं तर वासा त्या तुकड्याच्या टोकाशीच मोडला असता.

३ फेब्रुवारी

जुन्या वाशांवरून आडवी दोरी ताणली, तीन उंचींवर. डोळ्यांना सपाट वाटणारं पाखं समुद्रासारखं निघालं. चौथा वासा २२ मिमी खाली, सहावा ९ मिमी वर. जुनं आढं मधोमध साडेतीन सेंमी झुकलेलं.

आता नवं छप्पर सरळ करायचं की जुन्याच्या चालीने? नवं आढं पाण्याच्या पातळीत ठेवायचं हे पक्कं, कारण त्याची दोन्ही पाखी एकमेकांशी जुळायला हवीत. पन्हळीची फळी मात्र सरळ पाहिजे आणि बसणार वाकड्यावर. फळीखाली जागोजागी पाचरी. पाचरी जोडीने घालायच्या, दोन्ही बाजूंनी एकेक, म्हणजे फळी समतल राहते. एकीकडून घातली की फळी पिळवटते. दुपार त्यातच गेली.

५ फेब्रुवारी

रात्री अवेळी पाऊस. ताडपत्री टाकलेली होती. तरी पहाटे आईने हाक मारली, आत पाणी.

ताडपत्री फाटलेली नव्हती. तिची वरची कड आम्ही उरलेल्या कौलांवर ठेवून दगड ठेवले होते. वरच्या कौलांवरून आलेलं पाणी सरळ ताडपत्रीच्या खाली शिरलं. कड वरच्या कौलांच्या ओळीखाली सरकवायला हवी होती, नाहीतर सगळी ताडपत्री आढ्यापलीकडे न्यायला हवी होती. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट, आणि परांचीवर तीन मोठी माणसं होती.

गादी वाळत घातली.

९ फेब्रुवारी

नवीन आढं चढलं. एक टोक बाहेरच्या त्रिकोणी भिंतीवर, दुसरं जुन्या पाख्यावर. जुन्या टोकाला बूड ३० अंशांत तिरपं कापलं आणि ते एका वाशावर न टेकवता तीन वाशांवर आडव्या फळीवर बसवलं. मग पूर्ण लांबीचे वासे दोन्हीकडे एकदम, जोडीने. एक बाजू आधी भरली तर आढं दुसरीकडे ढकललं जातं.

१० फेब्रुवारी

आखूड वासे. हा दिवस काकांचा.

वाशांमधलं अंतर ६० सेंमी. उतार सारखे असल्याने प्रत्येक पुढचा वासा आधीच्यापेक्षा बरोबर ६९ सेंमी आणि वर ३ मिमी इतका आखूड. ६० भागिले ३० अंशांची कोज्या, असं मी म्हणालो. काकांनी गुण्यावर, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीवर, ३० अंशांच्या उतारावर ६० सेंमीची आडवी खूण धरून तिरपी रेघ मोजून दाखवली. तेच आलं. त्यांच्याकडे कोज्या नाही, गुण्या आहे.

वाशाचा वरचा काप उभा, आढ्याला टेकणारा. खालचा काप आडवा, पण करवतीचं पातं ३० अंशांत कललेलं, कारण खाली फळी जुन्या पाख्याच्या उतारावर झोपलेली आहे. डाव्या बाजूच्या वाशाला पातं एकीकडे कलतं, उजव्याला दुसरीकडे. पहिले दोन दोन्ही डावेच कापले गेले. एक वाया. उरलेल्यांवर काकांनी कापण्याआधी पटाशीने रेघा मारल्या, डाव्यांना डावीकडे झुकलेल्या.

१४ फेब्रुवारी

रिपा. नवीन कौलांच्या साच्याप्रमाणे अंतर ३२ सेंमी, जुन्या पाख्यावर ३१.५. नवं कौल जुन्या कौलाच्या खोबणीत घालून पाहिलं, बसत नाही. साचे वेगळे. पण इथे ते जुळवायची गरजच नाही : जुन्या पाख्यावर पन्हळीच्या कडेपर्यंत काढलेली जुनीच कौलं, नव्या पाख्यांवर सगळी नवी, मध्ये पन्हळ. दोघांची भेट होतच नाही. काटकोनातल्या छपराचा हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. पाखं पुढे ओढलं असतं तर आडव्या ओळीत जुनं-नवं एकमेकांत अडकवत बसलो असतो.

१७ फेब्रुवारी

पन्हळीचा पत्रा. जस्ताचा मुलामा असलेला, ०.८ मिमी, ६० सेंमी रुंद, मधोमध दुमडलेला. पत्रा २.४ मीटरचाच मिळतो, म्हणून एका पन्हळीला दोन तुकडे. वरचा खालच्यावर २० सेंमी. उतार २२ अंश असल्याने तेवढ्या चढण्याला उंची साडेसात सेंमी मिळते, पाणी मागे चढून येणार नाही. सांध्याला डाख नाही, गोंद नाही, काही नाही.

पत्र्याच्या दोन्ही लांब कडा १५ मिमी वर वळवून परत आत मुडपल्या. त्या मुडपीत पत्र्याचेच छोटे चिमटे अडकवून चिमटे फळीला ठोकले. पत्र्यात खिळा फक्त वरच्या टोकाला, जिथे तो झाकला जातो. उन्हात पत्रा लांबतो, खोली बसेल तेव्हा फळी हलेल. चिमट्यांत पत्रा सरकू शकतो. खिळे मारले की तो खिळ्यांच्या भोकांशी फाटतो.

मिस्त्री खालून ओरडले, "भाऊ, कडेने माल भरून घेऊ का?" कौलांच्या कापलेल्या कडा आणि पत्रा यांच्यामधली फट सिमेंटच्या मालाने बुजवायची त्यांना सवय. दिसायला ते नेटकं दिसतं. पण माल पाणी पितो, आणि पत्र्यावरचं पाणी त्यातून शोषलं जाऊन कौलाखाली, रिपेपर्यंत जातं. शिवाय पत्रा सरकतो, माल सरकत नाही, मग तडकतो आणि तुकडे पन्हळीत पडून पाणी अडवतात. नको म्हणालो. मिस्त्री रुसले. आढ्याच्या कौलांखाली मात्र माल हवाच, तिथला अधिकार त्यांचा.

२० फेब्रुवारी

तिरपी कौलं कापली. ग्राइंडरला हिऱ्याचं पातं, कौल आधी भिजवलेलं, नाकातोंडावर धुळीचा मास्क. कापणं खाली जमिनीवर, पत्र्यावर नाही. कापताना उडणारी गरम किटाळं पत्र्याचा मुलामा खरवडतात. पन्हळीच्या मध्यापासून दोन्हीकडे ६-६ सेंमी मोकळं ठेवलं, पाला अडकू नये म्हणून.

कडेच्या त्रिकोणी तुकड्यांना मागचं नाक उरतच नाही, ते रिपेला अडकणार कशाला? प्रत्येकाला भोक पाडून तांब्याची तार. अगदी छोटा, हाताच्या पंजाएवढा तुकडा आला तर तो लावायचाच नाही, अलीकडचं अख्खं कौल थोडं सरकवून मोठा तुकडा येईल असं करायचं. पहिल्या पन्हळीत हे कळलं नाही, दुसऱ्या पन्हळीत केलं. डावी पन्हळ म्हणून उजवीपेक्षा जरा ओबडधोबड आहे. खालून कुणाला दिसत नाही, मला दिसते.

२३ फेब्रुवारी

नव्या आढ्याचं टोक जिथे जुन्या पाख्यात संपतं, ती सगळ्यात वाईट जागा. दोन पन्हळी तिथून सुरू होतात, नव्या आढ्याची कौलं तिथे संपतात, वरून जुनं पाखं येतं. कडक पत्रा तिथे वळत नाही. मऊ अ‍ॅल्युमिनियमचा चौकोन घेऊन लाकडी हातोडीने घोड्यावरच्या खोगिरासारखा बसवला : खालची बाजू दोन्ही पन्हळींच्या पत्र्यांवर, वरची बाजू जुन्या कौलांच्या दोन ओळींखाली. तीन प्रयत्न लागले, दुसरा दुमडीच्या कोपऱ्यात फाटला. आढ्याच्या शेवटच्या कौलाखालचा ओला माल अ‍ॅल्युमिनियमला लागला तर ते खातो, म्हणून मध्ये डांबरी कागदाची पट्टी.

२६ फेब्रुवारी

पाण्याची परीक्षा. रबरी नळीने २० लिटरची बादली ९० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १३ लिटर. योगायोगाने हिशोबातला आकडाच.

गळती शोधताना नळी खालून वर न्यायची, प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. वळचण, कोरडं. पन्हळीचा मध्य, कोरडं. खोगीर, कोरडं! मिस्त्रींकडे पाहिलं. मग नळी जुन्या पाख्यावर वरपर्यंत नेली आणि पाणी पाख्यावरून येऊ दिलं.

तीन मिनिटांत नव्या खोलीच्या आत, वळचणीपासून साठेक सेंमी वर, रीप काळी झाली. थेंब.

तासभर पत्र्यालाच दोष देत होतो. मग काका परांचीवर आडवे झाले आणि गालाने पाणी बघू लागले. पाणी पन्हळीत उतरून वळतच नव्हतं. जुन्या मोठ्या पाख्यावरून जोराने आलेलं पाणी पन्हळ ओलांडून सरळ समोर नव्या कौलांच्या कडेखाली घुसत होतं. नव्या बाजूने येणारं पाणी थोडं आणि धिमं, त्याला अडवायला अपुरं. ५.२ आणि २.५. ८ जानेवारीला मीच लिहिलेले आकडे. मघाशी मधोमध नळी धरली तेव्हा हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे पाण्याला आडवा वेगच नव्हता.

२ मार्च

दोन्ही पन्हळी उघडल्या. नवा पत्रा, मधोमध २५ मिमी उंच उभी घडी. आता एका पन्हळीत दोन वाटा, आणि मोठ्या पाख्याचं पाणी घडीवर आपटून खाली वळतं. घडीत खपल्यामुळे दोन्हीकडे कौलांखाली पत्रा थोडा कमी उरतो, म्हणून ६५ सेंमी रुंदीचा कापून घेतला. पत्रा वरच्या टोकाशिवाय कुठेही खिळलेला नव्हता, आणि तारेच्या कौलांवर काकांनी आकडे टाकले होते. त्यामुळे तीन दिवसांचं काम दोनात झालं. माल भरला असता तर सगळी कौलं फोडून काढावी लागली असती. हे मी मिस्त्रींना बोललो नाही. त्यांनीच म्हटलं, "बरं झालं नाही भरला."

४ मार्च

पुन्हा परीक्षा. वरून, तिरकं, दोन नळ्या. अर्धा तास. आत टॉर्च घेऊन आई बसली होती. कोरडं.

५ मार्च

एक गोष्ट राहिली होती, आणि ती छपरावर नाही, जमिनीवर आहे. पन्हळीचं सगळं पाणी कोपऱ्यात एका जागी पडतं, दोन्ही भिंतींपासून ४५ सेंमीवर. म्हणजे जुना आणि नवा पाया जिथे भेटतात, नेमका त्यांच्या कुशीत. मिनिटाला १३ लिटरची धार तिथली माती भुसभुशीत करेल, आणि नवी खोली त्याच कोपऱ्याने जास्त बसेल. मग वर छपरात आपण सोडलेली सगळी मोकळीक संपेल. वळचणीला नळकांडी लावून दोन्ही कोपऱ्यांचं पाणी पाइपने तीन मीटर लांब सोडलं. पन्हळीच्या तोंडाशी नळकांडीला उंच पाठ दिली, नाहीतर धार तिलाही ओलांडते. एवढं आता शिकलो आहे.

८ मार्च

आतून जुन्या-नव्या भिंतीमधली फट लाकडी पट्टीने झाकली. पट्टी फक्त जुन्या भिंतीला स्क्रूने घट्ट, नव्या भिंतीवर नुसती टेकलेली. रंगाऱ्याला बजावलं की कडेला पुट्टी भरू नकोस.

पट्टीच्या मागे फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा, दोघांत १०० मिमी, आणि दोन्ही भिंतींवरून जाणारी पेन्सिलची एक आडवी रेघ. आजची तारीख घातली.

२१ जून

पहिला जोराचा पाऊस, रात्रभर. पहाटे टॉर्च घेऊन वर पाहिलं. रिपा कोरड्या. डाव्या पन्हळीच्या तोंडाशी मात्र पाणी तुंबल्याचा आवाज येत होता. शिडी लावली तर पाल्याचा बोळा, आणि त्याच्या पोटात आम्हीच विसरलेला कापलेल्या कौलाचा तुकडा.

१९ जुलै

पट्टी काढून मोजलं. खिळ्यांमध्ये १०१ मिमी. पेन्सिलची रेघ तुटली आहे, नवी बाजू ३ मिमी खाली. नव्या पाख्यावर वळचणीची दोन कौलं किंचित उघडली होती, हाताने दाबून बसवली. पन्हळीचा पत्रा चिमट्यांत सरकलेला दिसतो, मुडपीच्या कडेला घासल्याची चकाकी आहे.

मिस्त्रींना बोलावून रेघ दाखवली. त्यांनी बोटाने ३ मिमी चाचपले आणि विचारलं, "अजून किती बसेल?"

पुढचं माप ऑक्टोबरात.